चुलत भावाने अख्खी वंशावळ नेटवर टाकली, आता काय करू?

मागच्या अंकात आम्ही साधंच विचारलं होतं, घरची वंशावळ तुम्ही कशात ठेवता आणि ती कोणाकोणाला देता. म्हटलं चार-दोन रिटायर्ड काका लिहितील आणि विषय संपेल. तर मेल, पत्रं, व्हॉइस नोट्स असा ढीग येऊन पडला, आणि त्यात सॉफ्टवेअरबद्दल थोडं, भाऊबंदकीबद्दलच जास्त. एक्सेलवाले सगळ्यात जास्त निघाले, मग "माझं सगळं तोंडपाठ आहे" म्हणणाऱ्या आत्या, मग मायहेरिटेज आणि जेनी या वंशावळीच्या साइटवाले, आणि अगदी थोडे पण फार कट्टर असे ग्रॅम्प्स या सॉफ्टवेअरवाले. निवडक प्रश्न घेतलेत. कोणाचीच नावं छापलेली नाहीत, विषयच तसा आहे.

ताई, मी नुकताच बँकेतून रिटायर झालोय. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे पण तो आजोबांच्या पिढीवर संपतो, पुढच्या सगळ्या पिढ्या मला जोडायच्यात. मुलगा एक ॲप सांगतो, जावई दुसरं, व्याही तिसरंच. मला एकच नाव सांगा. (वाचक, डोंबिवली)

एकच हवं असेल तर ग्रॅम्प्स. फुकट आहे, २००१ पासून चालू आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि मुख्य म्हणजे माहिती तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते, कोणाच्या सर्व्हरवर जात नाही. नावं देवनागरीत बिनधास्त टाका. पण ते दिसायला रूक्ष आहे हे आधीच सांगते. नागपूरच्या एका वाचकाने लिहिलंय की पहिले काही दिवस आपण वंशावळ भरतोय की इन्कम टॅक्सचा फॉर्म भरतोय तेच कळत नव्हतं, कारण माणूस वेगळा, कुटुंब वेगळं, घटना वेगळी, पुरावा वेगळा असं सगळं सुटंसुटं भरावं लागतं. एकदा हात बसला की मात्र तेच आवडायला लागतं, कारण "हे लग्न कधी झालं हे तुला कोणी सांगितलं" असं कोणी विचारलं की उत्तर तिथेच असतं.

मायहेरिटेज ही २००३ सालची इस्रायली कंपनी. तिथे भरणं सोपं, मोबाइलवर छान दिसतं, काका-मावश्या स्वतः फोटो टाकतात आणि खूश होतात. पण फुकटात ठरावीक माणसांपर्यंतच जाता येतं आणि आपल्याकडे एका कुलवृत्तांतात हजारांत नावं असतात, म्हणजे शेवटी वर्गणी आलीच. जेनी २०१२ मध्ये त्यांनीच विकत घेतलं. जेनीची कल्पना वेगळी आहे, सगळ्या जगाचं मिळून एकच झाड, तुमचा पणजोबा तुम्ही टाकलात तरी तो "तुमचा" राहत नाही. काहींना हेच भारी वाटतं. मला नाही वाटत, का ते पुढे येईलच.

फॅमिलीसर्च पूर्ण फुकट आहे, ते अमेरिकेतलं मॉर्मन चर्च चालवतं, मुख्यालय युटामधल्या सॉल्ट लेक सिटीला. तिथेही एकच सामाईक झाड, आणि मयत माणसाची नोंद कोणीही बदलू शकतं. हे चर्च एवढा खर्च का करतं असं ठाण्याच्या एका आजोबांनी विचारलंय, तर त्यांच्या धर्मात वारलेल्या पूर्वजांसाठी मागाहून विधी करतात, त्यासाठी पूर्वज शोधावे लागतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी तिथे बघावं, शोधावं, पण स्वतःचं झाड लावू नये.

कुठलंही घ्या, एक गोष्ट पहिल्याच दिवशी करून बघा. दहा माणसं भरा आणि "गेडकॉम" फाइल बाहेर काढता येते का बघा. गेडकॉम म्हणजे वंशावळीची सगळीकडे चालणारी फाइल, याच चर्चने १९८४ मध्ये काढली आणि आज सगळे तीच वापरतात. ती निघत नसेल तर ते ॲप कितीही गोड असो, सोडा. याच चर्चचं पीएएफ नावाचं फुकट सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं लोक वापरत होते, २०१३ मध्ये ते बंद केलं. फॅमिली ट्री मेकर हे असंच एक सॉफ्टवेअर विकणं थांबवतोय असं अ‍ॅन्सेस्ट्री कंपनीने २०१५ च्या डिसेंबरात जाहीर केलं तेव्हा लोकांची पळापळ झाली, नंतर दुसऱ्या कंपनीने ते घेतलं म्हणून वाचलं. दोन्ही वेळेला ज्यांच्याकडे गेडकॉम होती ते शांतपणे दुसरीकडे गेले. फक्त लक्षात ठेवा, त्या फाइलीत नावं, तारखा, नाती जातात, फोटो बहुतेक वेळा जात नाहीत, ते वेगळे सांभाळा.

माझ्या चुलत भावाने उत्साहाच्या भरात आमची अख्खी वंशावळ एका साइटवर पब्लिक करून टाकली. त्यात माझ्या दोन्ही मुलांची जन्मतारीख, शाळेचं नाव, बायकोचं माहेरचं नाव, आईचा फोटो, सगळं. सांगायला गेलो तर म्हणतो "आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे". वडीलधारे त्याच्याच बाजूने. कायदा आहे का काही? (वाचक, सातारा)

कायदा आहे, पण तो तुमच्या भावावर चालवायला जाऊ नका, चालणारही नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. पण एखाद्याने स्वतःच्या घरगुती, वैयक्तिक कामासाठी माहिती ठेवली तर तो माणूस त्यात येत नाही. भाऊ म्हणणार मी घरच्यांसाठीच केलंय. झाड पब्लिक केल्यावर ते घरगुती राहतं का यावर वकील वाद घालू शकतील पण तुम्हाला वाद नकोय, मुलांची नावं काढून हवीत. तेव्हा मोर्चा साइटकडे वळवा. भारतातल्या लोकांना सेवा देणारी परदेशी कंपनी या कायद्याच्या कक्षेत येते, आणि १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती आई-वडिलांच्या संमतीशिवाय वापरायची नाही असं त्यात आहे. बहुतेक साइटवर "माझी किंवा माझ्या अल्पवयीन मुलांची माहिती काढा" अशी विनंती करायची सोय असते, ती वापरा, स्क्रीनशॉट जोडा, आणि भावाला आधी सांगून करा म्हणजे पुढच्या गणपतीत अबोला नको.

"लपवण्यासारखं काय आहे" याला उत्तर द्यायचं असेल तर त्याला एवढंच विचारा, तुझ्या जुन्या ईमेलचा पासवर्ड विसरल्यावर काय विचारतात? आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव, पहिली शाळा. वंशावळीत नेमकं तेच भरलेलं असतं. आणि "आजी, मी तुमच्या अमक्याचा मुलगा बोलतोय, हॉस्पिटलमध्ये आहे" असे फोन करणाऱ्याला कोण कोणाचा कोण हे आयतं मिळालं तर त्याचं काम किती सोपं होतं विचार करा. साइटच फुटली तर तो वेगळाच विषय. २०१८ मध्ये मायहेरिटेजनेच जाहीर केलं होतं की ९ कोटी २० लाखांवर खात्यांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर गेले, झाडांची माहिती गेली नाही असं त्यांनी सांगितलं. पण जाऊ शकते हे तर कळलं.

आता भाऊ ऐकायला तयार झाला तर काय करायचं. सगळं झाड डिलीट करायला लावू नका, त्याने खरंच मेहनत घेतली असेल. जिवंत माणसं झाकायला सांगा. बऱ्याच साइट जिवंत माणसं बाहेरच्यांना आपोआप दाखवत नाहीत, पण ज्याची मृत्यूतारीख नाही तो जिवंत की मयत हे त्या अंदाजाने ठरवतात, फॅमिलीसर्च आणि ग्रॅम्प्स दोन्हींत हा हिशोब ११० वर्षांचा आहे. म्हणजे कोणी घाईघाईत "मयत" वर टिक केली, किंवा मुलाच्या जन्मसालात २००८ ऐवजी १९०८ पडलं, की ते पोर जगाला उघडं. तुमच्या मुलांच्या बाबतीत असंच काही झालंय का ते आधी बघा. ग्रॅम्प्समधून फाइल काढताना जिवंत माणसं वगळण्याचा पर्याय असतो, नुसती नावं ठेवून बाकी तपशील गाळता येतात, दुसऱ्या कोणाला फाइल द्यायची तर नेहमी तशीच काढलेली द्यायची.

माझा स्वतःचा नियम सांगते, पटला तर घ्या. वारलेल्यांचं सगळं द्यावं, सढळ हाताने द्यावं, नाहीतर पुढच्या पिढीला काही मिळणार नाही. जिवंत माणसाचं त्याला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही, आणि मुलांचं तर फक्त नाव, तेही घरच्या फाइलीत. घटस्फोट, दत्तक, आजार, "घरातून निघून गेला" हे सगळं ज्याचं त्याने सांगितलं तरच.

पुतण्याला अमेरिकेत फाइल पाठवली तर त्याच्याकडे सगळी प्रश्नचिन्हं दिसतात. (वाचक, कोल्हापूर)

फाइल काढताना अक्षरांचा पर्याय युटीएफ-८ निवडा, तिथे बहुतेक "एएनएसआय" राहिलंय. त्यात देवनागरी मावतच नाही. २०२१ मध्ये आलेल्या गेडकॉम ७ मध्ये तर युटीएफ-८ सक्तीचंच आहे, पण अजून सगळी सॉफ्टवेअर त्यावर आलेली नाहीत. जर मूळ मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, आणि बरेच कुलवृत्तांत छापखान्यात तसेच झालेत, तर पर्याय बदलून काही होणार नाही, आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करावा लागेल आणि मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्याने तपासायची. "र्‍हा" आणि "ऱ्ये" फार त्रास देतात.

आमच्या कुलवृत्तांतात मुली लग्नानंतर गायब होतात. "कन्या: कृष्णा" एवढंच, पुढे कुठे दिली, मुलं किती, काही नाही. आणि सुना येतात त्या सासरच्या नावाने, माहेरचं पत्ताच नाही. मला हे दुरुस्त करायचंय पण सॉफ्टवेअरमध्ये एका बाईची चार नावं भरायची कशी? माझ्या आजीचं माहेरचं नाव द्वारका, सासरी सीता, सगळे माई म्हणायचे आणि सातबाऱ्यावर भलतंच आहे. (वाचक, चिपळूण)

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण याच विषयावर आलेली बाकी पत्रं "मुलींच्या शाखा घेतल्या तर झाड फार पसरतं" अशी होती. पसरू दे की.

मुख्य नाव म्हणून नेहमी जन्माचं नाव भरा, म्हणजे द्वारका, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. सासरचं नाव "पर्यायी नाव" म्हणून त्याच व्यक्तीखाली, प्रकार "लग्नानंतरचं". माई हे टोपणनाव. सातबाऱ्यावरचं चौथं, पण त्याच्यापुढे फेरफाराचा नंबर टाका, कारण तलाठ्याने काय ऐकलं आणि काय लिहिलं यावर पुढे वारस नोंदीच्या वेळेला भांडणं होतात, तेव्हा ही एक बाई आहे की दोन हे दाखवायला उपयोग होतो. ग्रॅम्प्समध्ये हे सगळं एका व्यक्तीत बसतं. गेडकॉम फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर आडनाव दोन तिरक्या रेघांच्या मध्ये लिहिलेलं दिसेल. आपण एक्सेलमधून उचलून टाकतो तेव्हा त्या रेघा कधी पडतच नाहीत तर कधी चुकीच्या जागी पडतात आणि मग वडिलांचं नावच आडनाव होऊन बसतं. शंभर माणसं भरायच्या आधी एकदा उघडून बघा.

दत्तकाचंही याच पत्रात विचारलंय. आपल्याकडे चुलत्याकडे दत्तक, भाचा दत्तक, सर्रास असायचं. त्या मुलाला दोन्ही घरात मूल म्हणून जोडा, एका ठिकाणी नातं "जन्माने", दुसऱ्या ठिकाणी "दत्तक". कुलवृत्तांतात बऱ्याचदा फक्त दत्तक घर लिहिलेलं असतं, जन्मदात्या घराचा एका ओळीत उल्लेख, तो शोधा. आणि मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर झाडाला गाठ पडते, चार्टवर एकच पणजोबा दोनदा दिसेल, घाबरू नका, माणूस एकच आहे. डुप्लिकेट समजून एकाला डिलीट मात्र करू नका, एका वाचकाच्या भाच्याने तेच केलं आणि अर्धं घराणं अनाथ झालं.

मुलींच्या शाखा भरायला सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे जुन्या लग्नपत्रिका आणि आहेराच्या वह्या. आहेराच्या वहीत "अमुकराव, जावई" असं गावासकट असतं.

आजोबांच्या वहीत सगळे मृत्यू तिथीने आहेत. "शके १८१८ माघ शुद्ध पंचमी, ग्रंथिक सन्निपाताने". हे कसं भरू? (वाचक, पुणे)

शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. माघ म्हणजे ७९, तेव्हा १८९७. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत शिरला आणि १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात धुमाकूळ घालत होता, म्हणजे नोंद बरोबर जुळते, ग्रंथिक सन्निपात म्हणजे प्लेगच. तारखेच्या रकान्यात "१८९७, अंदाजे" भरा आणि मूळ तिथी जशीच्या तशी टिपणीत. गेडकॉममध्ये हिब्रू पंचांग आहे, फ्रेंच राज्यक्रांतीचं सुद्धा आहे, आपला शालिवाहन शक नाही. मराठवाड्यातल्या निजामाच्या कागदात फसली सन असेल तर ५९० मिळवा. श्राद्धाची तिथी घरी पाळत असाल तर ती टिपणी पुढच्या पिढीला तारखेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

एका साइटने मला सांगितलं की आमचं घराणं थेट पेशव्यांना जाऊन मिळतं! भाऊ म्हणतो खरं आहे, "मॅच" दाखवतंय. (वाचक, इंदूर)

नाही मिळत. म्हणजे मिळत असेलही, पण ती साइट म्हणते म्हणून नाही. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव. महादेवाचा मुलगा गोविंद, त्याचा महादेव, त्याचा पुन्हा गोविंद. एकाच गावात एकाच आडनावाचे "महादेव गोविंद" चार निघतात, त्यात पंचवीस-तीस वर्षांचं अंतर, कधी तेवढंही नाही. कॉम्प्युटर नाव आणि साल जवळपास दिसलं की "हा तोच का?" विचारतो, समोरचा हौशी माणूस "हो" दाबतो आणि झालं, तुमचे खापरपणजोबा श्रीवर्धनच्या भटांच्या, म्हणजे पेशव्यांच्या, घरात. सामाईक झाडाबद्दल माझी तक्रार हीच आहे. चूक एकाची आणि निस्तरायची सगळ्यांनी. एका वाचकाने तर कळवलंय की त्यांनी सुधारलेली नोंद एक अनोळखी गृहस्थ दर आठवड्याला परत फिरवतात, दोघंही कागद दाखवत नाहीत.

इनामाचा कागद, कैफियत, पुण्याच्या पुरालेखागारातल्या पेशवे दफ्तरातलं काही, निदान जुना फेरफार. यातलं एखादं दाखवा मग बोलू. मोडी येत नसेल तर शिका किंवा वाचणाऱ्याला पैसे द्या, फुकट काम सांगू नका.

माझ्याकडे जात वैधता प्रमाणपत्र आहे. आता लांबलांबचे भाऊबंद, ज्यांनी कधी लग्नाला बोलावलं नाही ते, फोन करून माझी व्हॅलिडिटी आणि वंशावळीची कॉपी मागतायत. एकाने परस्पर गावच्या ग्रुपवर टाकली पण. द्यायची का नाही? (वाचक, जालना)

हे पत्र आलं नसतं तर आश्चर्य वाटलं असतं. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नेमली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तेव्हापासून महाराष्ट्रात वंशावळ हा हौसेचा विषय राहिला नाही. लोक शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं, कोतवाल बुकं, गाव नमुना १४, मोडीतले कागद, जे मिळेल ते काढतायत. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाकडे वैधता असली की पुढच्याचं काम खूप सोपं होतं, म्हणून तुमच्या दारात रांग आहे.

खरा भाऊबंद असेल तर द्या, एखाद्या पोराचं ॲडमिशन त्यावर अडलेलं असतं आणि मुदत संपत आलेली असते. पण आधी त्याची वंशावळ मागा आणि तुमच्याशी कुठल्या पुरुषात जुळते ते कागदावर बघा, तोंडी नको. जुळली तर झेरॉक्सवर आडवं पेनाने लिहा, "फक्त अमुक यांच्या जात पडताळणीसाठी", खाली सही, तारीख, मग द्या. आधारची कॉपी जोडायची वेळ आली तर मास्क केलेलं आधार, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. मोबाइलवर पीडीएफ पाठवणं टाळा, आणि ग्रुपवर तर नाहीच. तुमची जी टाकलीय ती टाकणाऱ्याकडून "सगळ्यांसाठी डिलीट" करून घ्या, वेळ गेली असेल तर ॲडमिनला सांगा. आणि गावकामगार मंडळींत कोणी ती वापरून परस्पर काही करतंय अशी शंका आली तर जात पडताळणी समितीकडे लेखी कळवून ठेवा की मी या-या लोकांनाच संमती दिलीय. खोट्या वंशावळीवर प्रमाणपत्र काढणं हा गुन्हा आहे, त्यात तुमचं नाव विनाकारण ओढलं जाऊ नये.

आणखी एक, कारण दोघांनी विचारलंय. कुठल्या साइटवरचं झाड प्रिंट काढून समितीपुढे ठेवलं तर चालतं का? नाही. वंशावळ शपथपत्रावर लागते आणि प्रत्येक नावामागे कागद लागतो, दक्षता पथक गावात येऊन विचारू शकतं. कागदही मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या-त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेच्या, आधीचा हवा, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०. सॉफ्टवेअरचा उपयोग एवढाच की कोणत्या माणसाचा कोणता कागद हातात आहे आणि कोणाचा नाही हे एका नजरेत दिसतं. त्यासाठी एक्सेल सुद्धा पुरतं.

नाशिकला उपाध्यांकडे आमच्या सात पिढ्यांच्या सह्या निघाल्या! सगळ्या पानांचे फोटो काढून साइटवर टाकू का, बाकीच्या भाऊबंदांना उपयोग होईल. (वाचक, बडोदा)

त्या पानावर तुमच्याच घरची नावं आहेत का बघा. क्षेत्रोपाध्यांच्या नामावळीत गाव आणि आडनाव यांवरून शोधतात, त्यामुळे एकाच पानावर शेजारच्या घराच्या नोंदी पण असतात, कोण कोणाबरोबर आलं, कोणाची अस्थी आणली, सगळं. दुसरं म्हणजे ती वही ही त्यांची वृत्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी सांभाळलीय, त्यावर त्यांचं घर चाललंय. विचारा, दक्षिणा द्या, आपल्या घराच्या ओळींचा फोटो घ्या, बाकीच्या ओळी कागदाने झाका. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांची मायक्रोफिल्म झालेली आहे आणि ती पानं फॅमिलीसर्चवर बघता येतात, त्यामुळे "तिथे तर सगळं उघडंच आहे" असं म्हणणारे भेटतील. असेल. तुम्ही शेजाऱ्याचं टाकायची गरज नाही. आणि जाताना त्या वहीत स्वतःची, बायकोची, मुलींची नावं नीट अक्षरात लिहून आलात ना? बहुतेक लोक शोधून येतात आणि लिहायचंच विसरतात.

अमेरिकेतला भाचा डीएनए टेस्ट करणार आहे आणि मलाही थुंकी पाठवायला सांगतोय. (वाचक, मडगाव)

भाच्याची टेस्ट ही अर्धीमुर्धी तुमच्या घराचीही टेस्ट असते, त्यामुळे त्याने सगळ्यांना विचारलं हे चांगलंच केलं. २३अँडमी या डीएनए टेस्ट करणाऱ्या अमेरिकन कंपनीत २०२३ ला चोरांनी साधारण १४ हजार खाती फोडली, तीही दुसरीकडून चोरलेले पासवर्ड वापरून, पण नातेवाईक दाखवणाऱ्या सोयीमुळे जवळपास ६९ लाख लोकांची माहिती हाती लागली. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि डेटा कोणाकडे जाणार यावरून मोठा गोंधळ झाला, शेवटी संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ती घेतली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला जुना खुनी पोलिसांना सापडला तो जेडमॅचसारख्या डीएनए जुळवणाऱ्या साइटवर लांबच्या नातेवाइकांनी टाकलेल्या डीएनएवरून, खुन्याने स्वतः काही टाकलेलं नव्हतं. आपल्याकडे टेस्ट करणारे कमी, त्यामुळे जुळणी बहुतेक "चौथा-पाचवा चुलत" अशीच येते आणि पुढे काही हाताला लागत नाही. तुम्ही गोव्यातल्या ख्रिश्चन घरातले आहात असं पत्रात लिहिलंय, मग थुंकीपेक्षा चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरं आणि पणजीचं पुराभिलेख खातं बघा, तिथे आईबापांसकट नावं मिळतील. पोर्तुगीज वाचणारा एक माणूस बरोबर घ्या.

मी ऐंशीचा आहे. सगळं माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. मुलांना रस नाही. (वाचक, मिरज)

मुलांना नसेल, पुतणी, भाची, नातसून कोणाला तरी असतो, घरात विचारा. ज्याला असेल त्याला गेडकॉम फाइल, फोटोंचं फोल्डर आणि एक छापील प्रत द्या, वर तारीख टाकून. पासवर्ड एका कागदावर लिहून बँकेच्या पासबुकांबरोबर ठेवा. कुठल्या साइटवर खातं असेल तर आत्ताच त्या व्यक्तीला सहव्यवस्थापक करून टाका, नंतर मृत्यूचा दाखला पाठवत बसणं फार वैताग असतो. छापील प्रतीत जिवंतांच्या जन्मतारखा नकोत, फक्त नावं. तारखांची यादी वेगळ्या पाकिटात.